हरभऱ्यातली विहीर आणि आप्पा

आप्पांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य असं होतं : "अहो साहेब, गाडी हरभऱ्यात लावलीत!" नव्या फ्लॅटची किल्ली घेऊन मी नुकताच पुण्याच्या पेठेतून वाघोलीला आलो होतो. खाली पाहिलं, तर सिमेंटचे ब्लॉक. हरभरा कुठला? नंतर कळलं, आमची सोसायटी उभी आहे ती आप्पांच्या शेतावर. त्यांच्या लेखी बी विंग आजही उसात आहे आणि क्लबहाऊस कांद्यात.

जमीन विकून आप्पा इथेच ए विंगमध्ये राहायला आले. विकताना त्यांनी एकच अट घातली, तीही तोंडी : मधली विहीर बुजवायची नाही. बिल्डरने ती पाळली, हे नवलच म्हणायचं.

एका उन्हाळ्यात टँकर येईनासे झाले. आप्पांनी विहिरीवर मोटार बसवली आणि पाणी आधी सोडलं ते टोकाच्या डी विंगला. विहिरीला खेटून असलेली त्यांची ए विंग सर्वांत शेवटी. शेजारी चिडले. आप्पा म्हणाले, "पाणी टोकाच्या वाफ्यापासून द्यायचं. जवळचा काय, कवाबी भिजतो." आम्ही डी विंगवाले. त्याच दिवशी माझी आई दवाखान्यातून घरी आली होती. तिला भरपूर पाण्याने अंघोळ घालता आली. आप्पांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता सोसायटीला पार्किंग हवं आहे. परवा विहिरीत टाकायला भरावाचा डंपर आला, तेव्हा आप्पा कठड्यावर जाऊन बसले. "आधी मला बुजवा," एवढंच म्हणाले. डंपर परत गेला. पण रविवारी सभेत मतदान आहे आणि आमच्याकडे बहुमत गाड्यांचं आहे.

आप्पा रोज सकाळी त्या कठड्यावर येऊन बसतात. मध्यंतरी त्यांच्या छातीत दुखलं. तेव्हापासून रोज सकाळी मी गॅलरीतून आधी कठडा पाहतो. तो रिकामा दिसला की तिथून हलत नाही. मग आप्पा काठी टेकत येतात, वर पाहून ओरडतात, "हाय अजून!" आणि माझा जीव भांड्यात पडतो.

काल धीर करून विचारलं, "आप्पा, तुमच्यामागे विहिरीचं काय?"

"का? तुम्ही हायेत की!"

मी? भर सभेत हात वर करायचा म्हटलं तरी मला घाम फुटतो. म्हणून आप्पांच्या या पंचाहत्तरीला माझं मागणं जरा स्वार्थी आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. निदान त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं धाडस माझ्या अंगी येईपर्यंत तरी.