नळाचा दिवस

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही कधी सकाळी, कधी भर दुपारी. पाणी आलं की ते ओढायला घरोघरच्या मोटारी सुरू होतात. बाकीच्यांना तो आवाज ऐकून बरं वाटतं. आम्हाला मात्र तो नकोसा होतो, कारण माझ्या धाकट्या बहिणीला तो सहन होत नाही.

ती नऊ वर्षांची आहे. तिला ऑटिझम आणि एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कागद वाचून आईला समजवायचं काम माझ्याकडे आलं. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मला स्वतःला त्यातलं किती कळलं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. जमेल ते केलं. भुणभुणणारी ट्यूब काढून पिवळा बल्ब लावला. भांड्यांच्या फळीवर जुनी साडी अंथरली. कुकर बंद करून वरण पातेल्यात शिजवायला लावलं. आई म्हणाली, "तुझ्या शिक्षणानं माझा गॅस लई जाळला."

मोटारीचं काय करावं ते कळेना. एकदा मी बहिणीच्या कानात कापूस घातला, तिला आतल्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. आवाज कमी झाला की झालं, असं मला वाटलं. मोटार सुरू झाली आणि ती किंचाळत भिंतीवर डोकं आपटू लागली. मी दार उघडलं तेव्हा तिनं स्वतःचा हात चावून रक्त काढलं होतं.

खालच्या घरमालकीणबाई जिना चढून आल्या. "पोरीला मारता का काय तुम्ही? पुन्हा असं झालं तर खोली सोडा. आत्ताच सांगून ठेवते."

दोन दिवसांनी बहीण स्टीलचं ताट फरशीवर आपटत बसली होती. आपटायची आणि हसायची. आई वैतागली, "दुसऱ्यानं वाजवलं की हिचे कान फुटत्यात. सोता आपटती तवा नाय व्हय दुखत?"

आई टोमणा मारून निघून गेली. त्या ताटाकडे बघताना मला वाटलं, मोटारीचा आवाजही तिच्याच हातात दिला तर?

मोटारीचं बटण दाराजवळ, भिंतीवर उंच आहे, पाण्यापासून लांब. मी त्याखाली स्टूल ठेवलं. पण पाण्याशिवाय मोटार चालवली तर जळते, म्हणून तालीम करता येत नव्हती. जे व्हायचं ते नळाच्या दिवशीच होणार होतं.

बुधवारी दुपारी शेजारची मोटार घुरघुरली. बहिणीनं कान दाबले. मी तिला चप्पल घालून स्टुलावर उभं केलं, तिचा एक हात कोरडा पुसून बटणावर ठेवला. "तू कर," म्हटलं.

तिनं बटण दाबलं नाही.

"अगं पाणी चाललंय," आई म्हणाली. "हो बाजूला." आईचा हात बटणाकडे गेला. मी तिचं मनगट धरलं. आईला असं अडवायची माझी पहिलीच वेळ होती, आणि आपलं चुकत असेल तर काय, हेच तेव्हा मनात होतं.

बहिणीच्या बोटाखाली खट्ट झालं. मोटार गरजली. तिनं लगेच बटण बंद केलं. मग पुन्हा सुरू. या वेळी जरा जास्त वेळ. पुन्हा बंद. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण ती ओरडली नाही.

खालून मालकीणबाईंचा आवाज आला, "ताई, मोटार बिघडली का? सारखी बंद पडतीय."

पाइप एकच, म्हणून आमचं पाणी झाल्याशिवाय त्यांच्या नळाला धार लागत नाही. आई जिन्यात वाकली. "नाय बिघडली. धाकटी भरतीय पाणी."

आता त्या खोली सोडा म्हणतील, असं मला वाटलं.

"मग तिला म्हणावं, लवकर आटप. माझा हौद कोरडा पडलाय."

नळ गेला तेव्हा दोन ड्रमांपैकी एकच भरला होता. आईनं रिकाम्या ड्रमात डोकावून पाहिलं, त्यावर झाकण ठेवलं आणि धुवायचे कपडे परत गाठोड्यात बांधले. "एवढ्यात भागवायचं आता," ती म्हणाली.