आधी झोप, मग घाट

तोरणमाळचा घाट इंजिनाच्या जोरावर चढतो असं ज्याला वाटतं, त्याने घाटाच्या पायथ्याचे लॉजवाले भाई पाहिलेले नाहीत. तो घाट भाईंच्या परवानगीने चढतो. मी चौथीपर्यंत शिकलो, पण चाळीस वर्षं जीप चालवली आणि माणसं पाहिली. असा हट्टी माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा नाही. मी आहे, पण मला धरू नका.

लॉज म्हणजे पत्र्याखालच्या चार खोल्या आणि पुढे लांब व्हरांडा. खोल्यांना नंबर नाहीत. ज्या खोलीत जो पाहुणा सगळ्यात गाढ झोपला, त्याचं नाव त्या खोलीला. एक बांगडीवाल्याची, एक कंडक्टरची, एक नवरदेवाची. वऱ्हाड दार बडवत होतं तरी तो नवरदेव उठला नाही म्हणे. चौथीला अजून नाव नाही, तिच्या पत्र्यावर माकडं नाचतात. गाडी थांबली की भाई आधी किल्ली काढून घेतात आणि स्वतःच्या गळ्यात अडकवतात. मग चांगली बाज ड्रायव्हरला, पहिली गरम भाकरी ड्रायव्हरला. बाकीचे सगळे त्यांच्या लेखी सामान. एकदा एक मोठे साहेब आले, तर ड्रायव्हरचं जेवण होईपर्यंत भाईंनी त्यांना बाकावर बसवून ठेवलं. साहेब तापले. भाई म्हणाले, "साहेब, तुमचं चुकलं तर कागद फाडता येतो. याचं चुकलं तर काय फाडणार?" आणि थकून आलेल्याला चहा मागून पाहा. "चहाने झोप मरत नाही, नुसती लपते. आणि बरोबर वळणावर बाहेर येते," असं म्हणून ते उशी हातात देतात.

सकाळी किल्ली परत मिळते, पण परीक्षा देऊन. समोरच्या टेकाडावर भाई आपल्या बकऱ्या सोडतात. व्हरांड्यातून ड्रायव्हरने त्या मोजायच्या. आकडा बरोबर आला तर किल्ली, नाहीतर अजून झोप. कधी चार सोडतात, कधी नऊ, त्यामुळे पाठांतर चालत नाही. मी आयुष्यात एवढी एकच परीक्षा दरवेळी पास झालो.

यंदाच्या हिवाळ्यात सुनेला आणि नातीला सुरतेहून घेऊन निघालो, तोरणमाळ दाखवून मग गावी जायचं म्हणून. सून सुरतेत गाडी शिकलेली, परवाना पर्समध्ये. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत माझ्या जीपला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. अक्कलकुव्याच्या अलीकडे एक गतिरोधक मला दिसला नाही. नातीचं डोकं वर आपटलं. सून नुसतं पोरीचं डोकं चोळत राहिली.

रात्री भाईंच्या लॉजवर झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंनी विचारलं, "नाना, कितल्या?"

मी नीट मोजल्या. "सात."

सून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पोरीची वेणी घालत होती. भाई माझ्या कानाशी आले. "पाच शेतस नाना. दोन दगड शेतस."

"दगड कसे? आत्ता हालले."

"दगड नही हालतस."

"चला, दाखवा," मी म्हटलं, आणि उतरलो. गुडघे त्यांचेही गेलेले, पण तेही निघाले. दोघे म्हातारे टेकाड चढलो. वर पाचच बकऱ्या होत्या. सहावीच्या पाठीवर मी हात ठेवला तर ती गार लागली. सातवीला हात लावायला मी गेलो नाही.

मला वाटलं, आता हा माणूस हसणार. गावभर सांगणार. भाई त्या दगडावर बसले आणि दम खाऊन म्हणाले, "नाना, व्हरांड्यातून माले बी सातच दिसतस. पाच सोड्यात हाई याद ऱ्हास, म्हनीसन सांगस. सहा वरीस व्हयनात, डोया गयात म्हनीसन ट्रक चालाडनं सोडी दिनं मी. इंदूरना रस्तावर. कोनले नही सांगं."

मी शेजारी बसलो. दोघांनी बकऱ्या पाहिल्या, जवळून. उतरताना कोणी कोणाचा दंड धरला होता ते मला सांगता येणार नाही.

व्हरांड्यात भाईंनी किल्ली काढून माझ्याच हातात दिली. सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना पास." मग आत निघून गेले, पुढचं माझ्यावर सोडून. मी किल्ली सुनेसमोर धरली. "क्लच जड शे," एवढंच म्हटलं. तिने किल्ली घेतली आणि सरळ स्टिअरिंगवर जाऊन बसली. शहाणी आहे.

पहिल्या वळणावर मी मान वळवून खाली पाहिलं. लॉजचा पत्रा चमकत होता. व्हरांड्यापुढे काहीतरी उभं होतं, माणूस की खांब, मला कळेना. नात म्हणाली, "आजोबा, ते लॉजवाले बाबा हात हलाई ऱ्हायनात."

मग मीही हात बाहेर काढला आणि वळण संपेपर्यंत हलवत राहिलो. त्यांना मी दिसत नव्हतो, हे मला माहीत होतं.