पेडगावच्या अलीकडे

त्या पावसाळ्यात गाडी कधी बंद पडेल या धास्तीनं मला कामावरही धड बसवत नव्हतं. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नळ्या लावताना मनात रस्ताच चालू असायचा. मानवतजवळच्या आमच्या गावाहून मी रोज परभणीला जायची. सकाळची एसटी लॅब उघडल्यानंतर पोचायची, म्हणून नवऱ्याची जुनी मोटरसायकल मी घेतली होती. तो पुण्याला कंपनीत. गाडी घरी नुसती उभी होती.

सुरुवातीला ती बरी चालली. पाऊस लागला आणि तिला खोड लागली. घरून एका किकमध्ये सुरू व्हायची, थोडं अंतर गेलं की आचके द्यायची, ॲक्सिलरेटर पिळला तरी दम धरायची नाही, आणि मग गप. मी उतरायची, टाकीचं झाकण उघडून आत बघायची, पेट्रोल भरपूर. झाकण लावायची, गाडी हलवायची, किक मारायची. सुरू! मग पुढं कुठंतरी पुन्हा तेच. ट्रकवाले हॉर्न देत जायचे. एखादा मोटरसायकलवाला हळू होऊन विचारायचा, "ताई, पेट्रोल हाय का?" मला त्या प्रश्नाचाच राग यायचा.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. गाडी मुळात त्यांनीच घेतलेली, आणि तिचा स्क्रू न् स्क्रू त्यांना पाठ. त्यांनी अंगणात पोतं अंथरून कारबोरेटर उतरवला, जेट काढून फुंकला, पेट्रोलनं धुतला, परत बसवला. गाडी अशी चालली की शेजारीही म्हणाले, नवी झाली. दुसऱ्या दिवशी परभणीच्या वाटेवर, पेडगावच्या अलीकडे बंद. त्यांनी पुन्हा उतरवला. पुन्हा अंगणात ठणठणीत, पुन्हा रस्त्यात बंद.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चोक वढून ठिवायली आसशील. बायामाणसाच्या हाताला गाडी वळखंना की काय!"

रात्री मला झोप आली नाही. रागापेक्षा जास्त, खरंच माझंच काही चुकतंय का या विचारानं. सकाळी चहा घेताना मी बोलून गेले, "मामा, आज तुमीच मागं बसा. चोक बघा, हात बघा."

सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. गावातून सुनेच्या मागं सासरा, मोटरसायकलवर! मामांनी उठून टोपी घातली, पिशवीत पाना-पक्कड टाकली आणि म्हणाले, "चल."

ते मागं दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसले, माझ्या खांद्याला हात न लावता, मागची कडी धरून. पारावरची माणसं बोलायची थांबली. माझी पाठ ताठ झाली होती. गाडी बंद पडू नये असं रोज वाटायचं. त्या दिवशी वाटत होतं, पड बाई एकदाची. आणि ती मेली पळत होती! मानवत रोड स्टेशन मागं गेलं तरी आवाज स्वच्छ.

"चालायलीय की," मागून मामा म्हणाले.

पेडगाव दिसायच्या आधी पहिला आचका बसला. मग दुसरा. गाडी कडेला जाऊन थांबली. मी चोककडे बोट केलं. तो खाली होता, म्हणजे बंदच. त्यांनी बघितला आणि मान हलवली.

त्यांनी टाकीतून कारबोरेटरला जाणारा पाइप उपसला, खाली माझी पाण्याची बाटली रिकामी करून धरली. "कॉक उघड." मी टाकीखालची ती चावी फिरवली. पेट्रोलचे चार थेंब पडले आणि बंद.

"कॉकात कचरा," ते म्हणाले.

सवयीनं मी टाकी बघायला झाकण उघडलं. फुस्स करून आवाज झाला आणि पाइपातून धार सुटली, त्यांच्या हातावर, धोतरावर.

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

"लाव बरं झाकण."

लावलं. धार बारीक होत होत थांबली. उघडलं, पुन्हा वाहायला लागली. टाकीत हवा जायला वाटच नव्हती. त्यांनी झाकण माझ्या हातातून घेऊन उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबचं कापलेलं गोल रबर नीट बसवलेलं होतं. हवेचं छिद्र त्यानं पार झाकलेलं.

"हे कुणी बसवलं?" मी विचारलं.

"पावसाचं पाणी टाकीत जायलंतं ना," ते हळू म्हणाले. "तुला रस्त्यात तरास नको म्हनून..."

त्यांनी नखानं रबर उकलून काढलं, खिशात टाकलं. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही दाबून मी किक मारली.

परभणीला त्यांना बाजारात सोडलं. ते एसटीनं परत जातील असं धरूनच मी लॅबमध्ये शिरले. संध्याकाळी बाहेर आले तर फाटकाशी उभे. "बघू, जाताना बंद पडती का," म्हणाले आणि मागं बसले. येताना खड्ड्यात त्यांनी पहिल्यांदा माझ्या खांद्याला धरलं. गाडी कुठंच थांबली नाही, तरी माझे कान घर येईपर्यंत इंजिनातच होते.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "काय निघालं मग?"

मामा भाकरी मोडत म्हणाले, "कारबोरेटरात कचरा व्हता. लय बारीक. दिसंना."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ताटातून मान वर केली नाही. मी त्यांना पुन्हा भाजी वाढली.