भिकनचा कान

सुरतेच्या उधन्यात आमच्या गल्लीत भिकनचं गॅरेज आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्सचं दुकान. गॅरेज म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर आणि खाली एका गाडीपुरती जागा. नव्या गाड्या त्याच्याकडे येत नाहीत. त्यांना वायर जोडली की कॉम्प्युटरच दुखणं सांगतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला मात्र तशी वायर लावायला जागा नसते, तिला माणूस लागतो. असल्या गाड्या सांभाळणारे हौशी लोक विचारत विचारत भिकनकडे येतात, ते त्याच्या कानासाठी. रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं इंजिनावर फिरवायचं आणि डॉक्टरासारखे डोळे मिटून सांगायचं, "बुडाच्या पॅकिंगमधून हवा ओढतेय." बाकीचे मेकॅनिक तेलाचे थेंब सोडून गळती शोधतात. भिकनला ते कधी करावं लागलं नाही आणि ही गोष्ट तो दहा जणांना ऐकवायचा.

आता त्या कानात राम उरलेला नाही. शिरपूरकडून सुरतेला आला तेव्हा भिकन रात्री कापडाचा लूम चालवायचा आणि दिवसा गॅरेजात शिकायचा. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, शेजारी उभं राहून बोंबललं तरी ऐकू जात नाही. तिथली माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. दोन बोटं फाकवली की सुताची तार तुटली, मूठ फिरवली की मशीन बंद कर. त्या खडखडाटानं भिकनचा कान कधी खाल्ला ते त्यालाही कळलं नाही. जाड आवाज त्याला अजून येतात. इंजिनाचा चुकलेला ठोका तो तळहातानं ओळखतो. पण हवेचा बारीक सुंसाटा गेला, कुकरची शिट्टी गेली, आणि जुन्या गाडीचं निम्मं दुखणं त्या सुंसाट्यातच असतं.

हे ठाऊक फक्त दोघांना. एक त्याची बायको सुवर्णा आणि दुसरा मी, कारण मीही लूमवर घाम गाळलाय. सुवर्णा साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. ते काम घरी करायचं सोडून ती गॅरेजात स्टूल टाकून बसू लागली, तेव्हा गल्लीच्या भुवया उंचावल्या. गिऱ्हाईक काही विचारी, उत्तर सुवर्णा देई. भिकन बॉनेटमध्ये वाकला की ही स्टुलावरून हातवारे करी. पानवाला धुडकू म्हणायचा, "बोटावर नाचवते नवऱ्याला." मला ते हातवारे ओळखीचे होते. ती लूमच्या खात्यातली भाषा होती, बाप लूमवर असल्यामुळे सुवर्णा ती लहानपणीच शिकली होती. मूठ तोंडाजवळ नेऊन उघडली की हवा ओढतेय, मग डावी-उजवी बाजू.

मी एकदा भिकनला बाजूला घेतलं. म्हटलं, बाबा, लोक तुला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणतात आणि तिला कैदाशीण. त्यानं माझ्या ओठांवर डोळे ठेवून सगळं समजून घेतलं आणि माझे हात धरले. "म्हणू दे रे भाऊ. पण बहिरा मेकॅनिक म्हणाले तर उद्यापासून कुत्रं फिरकायचं नाही इथं." कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिला, तेव्हा त्यानं जी मान खाली घातली, ती वर केलीच नाही. त्याला लाज वाटत होती, आणि ती कानाची नव्हती हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मागच्या हिवाळ्यात सुवर्णा मावसबहिणीच्या लग्नाला धुळ्याला गेली आणि नेमके तेव्हाच त्याचे जुने गिऱ्हाईक जयंत साहेब आले. हजिऱ्याला मोठ्या कंपनीत अधिकारी, मूळचे नागपूरचे, आणि वडिलांच्या पश्चात त्यांची मारुती जिवापाड जपणारे. पळताना गाडी लोण्यासारखी, सिग्नलला उभी राहिली की थंडी भरल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची. भिकननं एकेका प्लगची वायर काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच मलूल झालं, म्हणजे प्लग तिन्ही ठीक. रेस दिली की थरथर गायब. हवा कुठून तरी घुसतेय हे त्याला समजलं होतं, पण कुठून? साहेब शेजारीच उभे होते. कानवाल्या भिकननं त्यांच्यासमोर तेलाचे थेंब टाकत बसायचं, हे त्याच्यानं झालं नाही. त्यानं नळी कानाला लावली, डोळे मिटले, मान डोलावली. मग कार्बोरेटर खोलून जेट साफ केले आणि स्क्रू पिळून इंजिनाचा वेग इतका वाढवून ठेवला की ते बंद पडायचं नावच घेईना. जखम तशीच, वर पावडर. हे असं काम त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं खानावळीचा डबा उघडलाही नाही.

व्हायचं तेच झालं. गाडी बारडोलीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे बंद पडली, आत साहेबांची सासुरवाडीची माणसं. दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत आले. सुवर्णा तोवर परतली होती. भिकन त्यांच्याकडे पाठ करून एका इंजिनात डोकं घालून होता. साहेब बोलत राहिले, हा ढिम्म. त्यांना वाटलं, माजलाय.

"साहेब, आज बसा तुम्ही, गाडी करूनच देतो," सुवर्णा उठून म्हणाली.

"मी तुमच्याशी बोलत नाहीये, बाई. या माणसाला तोंड उघडू देता की नाही तुम्ही? पूर्वी काय हात होता याचा. तुम्ही इथं ठाण मांडलंत आणि वाटोळं झालं."

धुडकू पानाला चुना लावता लावता म्हणाला, "हेच तर आम्ही सांगतो, साहेब." बघे हसले. नेमका तेव्हाच भिकन वळला. साहेबांचे शेवटचे शब्द आणि धुडकूचं बोलणं त्यानं ओठांवरून वाचलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. आता बोलेल, मला वाटलं. तो पाना पुसत राहिला. इतका पुसला की त्याचं कातडं निघावं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण शब्द दिला होता म्हणून मीही मूग गिळून बसलो.

सुवर्णानं डोळ्याला पदरही लावला नाही. ती मुकाट स्टुलावर बसली, खड्यांची साडी मांडीवर ओढली आणि गाडी चालू झाल्यावर कान देऊन ऐकू लागली. भिकननं नळी लावली. सुवर्णानं मूठ तोंडाजवळ नेऊन उघडली, मग बोट खाली वळवून डावीकडे दाखवलं. भिकननं कार्बोरेटर उतरवला. बुडाच्या पॅकिंगला डाव्या बाजूला केसासारखी चीर होती. नवं पॅकिंग कापून बसवलं, पिळलेला स्क्रू पूर्ववत केला, आणि गाडी जागेवर अशी शांत उभी राहिली की चालू आहे की बंद, हात लावून बघावं.

साहेबांचा राग पार उतरला. त्यांनी भिकनच्या पाठीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! कान आहे कान. बघ, आज बाईंना गप्प बसवलं तर कसं काम झालं."

भिकन त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्यानं नळी कानावरून काढली.

"कान माझा नाही, साहेब. मला ऐकू येत नाही. लूमनं घालवलं." आवाज त्याच्या हातात राहिला नाही, पार पलीकडच्या दुकानापर्यंत गेला. "गाडी ती ऐकते. ती इथं बसते म्हणून माझी चूल पेटते. तुम्ही सगळे तिला काय काय बोललात, मला सगळं कळत होतं. मी कळू दिलं नाही."

धुडकूचा चुन्याचा हात हवेतच राहिला. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी सुवर्णाकडे पाहिलं. वाटलं होतं, बाईचा जीव हलका होईल. ती भिंतीकडे तोंड करून साडीची घडी घालत होती आणि घडी जमत नव्हती.

"तुमन्हं तोंड शिवेल व्हतं का इतला दिन?" ती म्हणाली. इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुमचं, एवढंच. फार हळू, भिंतीलाच सांगितल्यासारखं.

आम्हा सगळ्यांना ते ऐकू आलं. भिकन तिच्या पाठीकडे बघत उभा होता, ती काहीतरी बोलेल म्हणून.