विमलताईंची गोळी आणि विमलताईंचं ऑपरेशन

तीन माणसं वर्षानुवर्षं एकाच रिक्षानं नोकरीला जायला लागली की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. रस्ता खराब, रिक्षा हळू, आणि कुणाच्या घरी फोनवर काय चाललंय ते सगळ्यांना ऐकू येतं. आम्ही परभणीहून पोखर्णीच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या शाळेत जातो. मी मराठी शिकवते, शेख सर गणित शिकवतात आणि विमलताई आमच्या मुख्याध्यापिका. आमच्याकडचे निम्मे किस्से विमलताईंचेच आहेत. त्यातले थोडे हसत सांगता येतात. बाकीचे सांगताना अजूनही आवाज खाली येतो.

*

विमलताईंना लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. त्यात हृदयाची एक झडप खराब झाली आणि लग्नानंतर ती काढून धातूची बसवावी लागली. त्या झडपेचा आवाज येतो. बारीक, टिकटिक असा. गोंगाटात कळत नाही, पण वर्ग शांत असला की कळतो.

एकदा चाचणी परीक्षा चालू असताना पाचवीतल्या एका पोरीनं हात वर केला. "बाई, तुमच्या हातात घड्याळ न्हाई. मग वाजायलंय काय?"

ताईंनी तिला जवळ बोलावलं आणि तिचा कान आपल्या छातीला लावला. "हे माझं काळीज हाय. एक भाग बाहेरून आणून बसवलाय, म्हणून वाजतं."

पोरगी विचारात पडली. मग म्हणाली, "बंद पडू देऊ नका, बाई."

"त्याच्यासाठीच तर रोज गोळी खाते," ताई म्हणाल्या आणि तिला पेपर लिहायला पाठवलं.

*

ती गोळी म्हणजे रक्त पातळ करायची. धातूच्या झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून ती जन्मभर घ्यायची असते. पण रक्त पातळ असलं म्हणजे काय, ते आम्हाला एका काकडीनं दाखवलं.

मधल्या सुट्टीत ताई काकडी चिरत होत्या. सुरी बोटाला लागली. जखम एवढीशी, पण रक्त काही थांबेना. माझा रुमाल भिजला. शेख सरांनी आपला रुमाल काढला, ताईंचं बोट मुठीत घट्ट दाबून धरलं आणि तसेच बसून राहिले. तेवढ्यात घंटा झाली. सरांचा सातवीचा तास होता, आणि सातवीचा वर्ग खिडकीच्या पलीकडेच.

सर जागचे हलले नाहीत. खिडकीतूनच ओरडून त्रैराशिक शिकवलं. शेवटी ताईच म्हणाल्या, "सर, सोडा आता, थांबलं असंल."

"ताई, गणित अर्धं सोडता येतं," सर म्हणाले, "हे न्हाई."

*

ताईंचं वजन लय होतं. रिक्षावाला त्यांना मधे बसवायचा. "मॅडम, तुमी मधी बसल्या की रिक्षा सरळ चालती." ताई हसून मधे बसायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांना या बोलण्याचं काही वाटत नाही.

एकदा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. ताईंनी अर्धी पोळी आणि थोडा भात घेतला. वाढपी आग्रह करायला लागला तसं मागून कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "घरून खाऊन आली असंल."

परतताना ताई रिक्षात म्हणाल्या, "मीना, मी कॉलेजात असल्यापासून लोक माझं तोंड नंतर बघतात, आधी ताट बघतात." शेख सर बाहेरच्या तुरीच्या शेतांकडं बघत राहिले.

त्याच वर्षी त्यांना शाळेच्या तीन पायऱ्या चढून दम लागायला लागला. साखर वाढली, पाय सुजायला लागले. हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "झडप चांगली आहे. पण एवढं ओझं तिला फार वर्षं ओढवणार नाही." पोटाची पिशवी लहान करायच्या ऑपरेशनचं नाव तेव्हा पहिल्यांदा निघालं.

*

ताईंचे यजमान नागनाथअप्पा. परभणीत त्यांचं किराण्याचं दुकान आहे. कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. त्यांनी सरळ नाही म्हटलं.

"चांगलं पोट कापून घ्यायचं? चार घास कमी खा म्हणावं."

ताई म्हणाल्या, "अहो, वीस वर्षं चार घास कमीच खायलेय. तुमीच वाढता ना कधी कधी?"

खरं तर अप्पांना भीती पोट कापायची नव्हती, गोळीची होती. ऑपरेशन करायचं तर गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते. बंद ठेवली तर झडपेवर गाठ व्हायची भीती. गाठ मेंदूत गेली तर माणूस लुळा पडतो. आणि चालू ठेवली तर ऑपरेशनमधे रक्त थांबत नाही. इकडं आड, तिकडं विहीर.

*

ऑपरेशन संभाजीनगरला करायचं ठरत होतं. पण हृदयाचे डॉक्टर म्हणायचे, "गोळी फार दिवस बंद ठेवू नका." पोटाचे डॉक्टर म्हणायचे, "गोळीचा असर पूर्ण उतरल्याशिवाय मी हात लावणार नाही." ताई एकाचा निरोप दुसऱ्याला सांगून दमल्या.

एक दिवस शाळा सुटल्यावर त्यांनी ऑफिसात बसून दोघांनाही एकाच फोनवर घेतलं. आम्ही समोर बसलो होतो. ताई म्हणाल्या, "नमस्कार सर, आणि नमस्कार सर. वर्गात दोन पोरं वेगवेगळं सांगायली तर मी दोघांना समोरासमोर उभं करते. आता तुमी दोघं बोला. मी ऐकते."

हृदयाचे डॉक्टर हसले आणि बोलणं सुरू झालं. गोळी बंद करायची, पण त्या जागी पोटावर इंजेक्शनं घ्यायची. त्यांचा असर लवकर उतरतो, म्हणून शेवटचं इंजेक्शन आदल्या दिवशी. ऑपरेशन दुर्बिणीतून. नंतर रक्तस्राव नाही हे बघून इंजेक्शन परत सुरू, मग गोळी. दोघांचं एकमत होईपर्यंत ताईंनी फोन ठेवला नाही.

*

इंजेक्शनं घरी टोचायची होती. ताईंना स्वतःच्या पोटात सुई घालणं जमेना. शेजारच्या नर्सबाई गावाला गेल्या होत्या. अप्पांना तर रक्त बघितलं की घेरी यायची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर अप्पा ओट्यापाशी उभे होते. समोर मोसंब्यांचा ढीग. एकेका मोसंबीत पाण्यानं भरलेली सुई घालत होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, बसा. पण सरबत मागू नका, ही सगळी टोचलेली हायेत."

रोजची पूजा झाल्यावर त्यांनी ताईंना पहिलं इंजेक्शन दिलं. सुई काढली, कापूस धरला आणि खाली मान घालून विचारलं, "दुखलं का?"

"न्हाई," ताई म्हणाल्या.

अप्पा तिथंच जमिनीवर बसले. पाणी मी त्यांनाच दिलं.

*

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी ताई फोनवर माझ्याशी दोन शब्द बोलल्या. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन परत सुरू केलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या टाक्यांमधून रक्त यायला लागलं.

मी आणि शेख सर मिळेल त्या रेल्वेनं निघालो. पोचलो तेव्हा ताईंचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला होता. इंजेक्शन बंद केलं होतं. रक्त चढवत होते. शेख सर कुणालाही न विचारता रक्त द्यायला गेले आणि बाही खाली करत परत आले.

अप्पा दाराबाहेर उभे होते. डॉक्टर बाहेर आले तसं त्यांनी विचारलं, "साहेब, आता इंजेक्शन बंद हाय. म्हणजे झडपेची भीती. चालू केलं तर रक्ताची भीती. मी कशाला भ्यायचं, तेवढं सांगा."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "आज रक्ताला. उद्या रक्त थांबलं की झडपेला."

त्या दिवशी आम्ही रक्ताला भ्यालो. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त थांबलं. मग सलाईनमधून अगदी थोडं थोडं, केव्हाही बंद करता येईल असं औषध सुरू केलं, आणि आम्ही झडपेला भ्यायला लागलो. ताईंनी तिसऱ्या दिवशी डोळे नीट उघडले, उजवा हात उचलला, मग डावा. नर्सनं "हसून दाखवा" म्हटलं तर हसल्या.

अप्पा कॉरिडॉरच्या टोकाला गेले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. शेख सर त्यांच्याशेजारी जाऊन तसेच उभे राहिले.

*

ताई शाळेत परत आल्या त्या वाटीभर वरणाच्या पाण्यावर. आमच्याकडं पोरांना खिचडी वाढायच्या आधी मुख्याध्यापकांनी चव बघायची असते. ताईंनी दोन चमचे घेतले आणि ताट बाजूला केलं. खिचडी शिजवणाऱ्या सरूबाईंचा चेहरा पडला. "मीठ चुकलं का, बाई?"

"न्हाई गं, लय चांगली झालीय. माझं जेवण झालं."

सरूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्यात?"

*

मग एक वेगळाच प्रकार झाला. ताईंच्या दंडांवर निळे-काळे डाग दिसायला लागले. सरूबाईंनी ते पाहिले. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. पण अप्पा ताईंना न्यायला शाळेत आले त्या दिवशी त्या फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"अप्पा, बाई मरणाच्या दारातून आली. आता हात उचलायला लाज वाटत न्हाई?"

अप्पांना काही कळेना. ताई धावत आल्या. धावत, हे आमच्या तेव्हा लक्षातही आलं नाही. "सरूबाई, ते मारायलेत असं वाटलं का तुला? अगं, हे गोळीचे डाग हायेत."

पण डाग बघून अप्पांचाच चेहरा उतरला. तिथूनच ते ताईंना तपासणीला घेऊन गेले. रक्त नको तेवढं पातळ झालं होतं. खाणं कमी झालं, शरीर बदललं, तशी जुनी गोळी जास्त व्हायला लागली होती. डॉक्टरांनी ती कमी केली आणि तपासणी लवकर लवकर करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी अप्पा किलोभर साखर घेऊन शाळेत आले आणि सरूबाईंच्या हातात दिली. "तुमी अडवलं नसतं तर मला कळलंच नसतं," म्हणाले. सरूबाई दिवसभर लाजून कुणासमोर आल्या नाहीत.

*

ऑपरेशनला वर्ष होऊन गेल्यावर अप्पांनी आम्हा सगळ्यांना पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात बोलावलं. त्यांनी नवस बोलला होता, हे ताईंनाही त्या दिवशीच कळलं. ताई सुखरूप घरी आल्या तर त्यांच्या वजनाएवढा गूळ वाटायचा.

मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, मोठा ताजवा आणून सभामंडपाबाहेर टांगला होता. ताई एका पारड्यात मांडी घालून बसल्या. त्या आता कितीतरी हलक्या झाल्या होत्या. हिरवं लुगडं नेसल्या होत्या, अंगाला नीट बसणारं पोलकं नवं शिवलं होतं. अप्पा दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवायला लागले. शाळेची पोरं गोल करून बघत होती.

थोड्या वेळात दोन्ही पारडी सारखी झाली. पुजारी म्हणाले, "झालं अप्पा. नवस फिटला."

अप्पांनी आणखी एक ढेप ठेवली. ताईंचं पारडं वर गेलं. अप्पांनी आणखी एक ठेवली. टेंपोत अजून बऱ्याच होत्या.

"अप्पा, पारडं केव्हाच वर गेलंय," पुजारी म्हणाले. "आता कशाला?"

अप्पांनी पुढची ढेप उचलली. "महाराज, मी नवस बोललो तेव्हा ती एवढी हलकी न्हवती. जेवढी होती, तेवढीसाठी बोललो."

ताई वर साखळी धरून बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि टेंपोकडं हात केला.

"ठेवा," म्हणाल्या. "एकबी माघारी नेऊ नका."