खलनायक माझ्या वाट्याला आला

सत्त्याण्णव साली आमच्या ऑफिसात साहेब धरून सहा माणसं होती, आणि जेवणाच्या सुट्टीत खेळायच्या मारामारीच्या गेममध्ये लढवय्ये पाच. साहेब खेळत नसत, त्यामुळे वाटणी बरोबर व्हायची. मी सगळ्यात उशिरा नोकरीला लागले. तोवर बाकीच्यांनी चांगले चारही पटकावले होते, म्हणून उरलेला मला मिळाला. तो म्हातारा खलनायक होता. घे, तुला शोभेल, असं एकानं म्हटलंही. मी नवी होते म्हणून गप्प बसले. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे त्यांना पुढच्या आठवड्यात कळलं.

ऑफिस बंगलोरला जयनगरात, एका साड्यांच्या दुकानाच्या वर होतं. आम्ही लहान कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. गेम कोणीतरी कुठूनतरी चार फ्लॉपींवर उतरवून आणला होता, त्यामुळे त्याच्यासोबतचं माहितीपुस्तक आमच्याकडे नव्हतं. कोण कोणाशी का भांडतंय हे कुणालाच ठाऊक नाही. मग पोरांनी आपली गोष्ट रचली: माझ्या म्हाताऱ्यानं शेंडीवाल्या नायकाच्या गुरूला मारलं आणि शेंडीवाला त्याचा सूड घ्यायला निघालाय. मी विचारलं, पुरावा काय? कुणाकडे नव्हता. काळा चोगा, पिकलेली दाढी आणि जाड भुवया, एवढ्यावर त्याला दुष्ट ठरवून सगळे मोकळे झाले होते. माझ्या एका मामांच्या भुवया तशाच होत्या आणि ते पोस्टात होते.

पहिला महिनाभर मी सपाटून मार खाल्ला. म्हातारा जड होता. त्याला उंच उडी मारता येत नसे, पळता येत नसे, मागं सरकायला लावलं तर जेमतेम पाऊलभर सरके. मी आपली तावातावानं बटणं बडवायची आणि तो सावकाश हात उचलायचा, तोवर समोरच्याच्या तीन लाथा बसलेल्या. मला वाटायचं, कसलं हे ध्यान माझ्या गळ्यात मारलंय. एक दिवस कंटाळून मी नुसतं अडवायचं बटण धरून बसले. समोरचा उड्या मारून दमला, वैतागला, अंगावर धावून आला, आणि म्हाताऱ्याच्या एकाच ठोशात आडवा झाला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला रागवायचं नाही, समोरच्याला रागवू द्यायचं. मला घरी जन्मात कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं, ते या म्हाताऱ्यानं केलं.

गेम जिंकला की प्रत्येक लढवय्याचं शेवटी एक चित्र यायचं. शेंडीवाला आईच्या पाया पडायचा, दुसरा एकजण गावच्या जत्रेत नाचायचा. माझा म्हातारा रिकाम्या दालनात खुर्चीवर जाऊन बसायचा. बस्स. सगळे हसायचे. मला मात्र ते चित्र आवडायचं. याला कुठं जायचं नाही, कुणाला तोंड दाखवायचं नाही, मग हा हरेल कशाला?

शेंडीवाला ज्याच्याकडे होता तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. निपाणीचा. घरी मराठी, रस्त्यावर कानडी. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच, त्यामुळे माझी सगळी चिडचिड त्याच्याच कानावर जायची. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, तरी मला अक्का म्हणायचा. मी दोनदा झापलं, तर म्हणाला, "सरी अक्का." म्हणजे, बरं अक्का. पुढं मी नाद सोडला. त्याच्या वडिलांचं निपाणीत भांड्यांचं दुकान होतं. हा थोरला मुलगा दुकानात न बसता बंगलोरला, त्यांच्या भाषेत, टायपिंग करायला गेला म्हणून त्यांनी दोन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो घरी फोन करायचा तेव्हा आई बोलायची आणि अप्पा पलीकडे खोकायचे, एवढाच संबंध.

आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. कुणी रविवारी यायचं, कुणी बनशंकरीच्या त्या कटकट्या गिऱ्हाइकाकडे जायचं, हे साहेब ठरवत नसत. तुमचं तुम्ही बघा म्हणायचे. आणि आम्ही गेमवर बघायचो. तीन फेऱ्यांत दोन जिंकेल तो सुटला. हातात डबे घेऊन सगळे मागं उभे राहायचे, आणि निकालावर नंतर कुणी अवाक्षर काढायचं नाही.

गेमला वेगळी जॉयस्टिक-बिस्टिक नव्हती. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचं, डावीकडची बटणं एकाची, उजवीकडची दुसऱ्याची, खांद्याला खांदा लावून. सप्टेंबरातल्या एका शनिवारी ऑफिसात कुणी नव्हतं म्हणून मी एकटीच दोन्ही हातांनी दोघांना लढवत बसले होते. डाव्या हातानं म्हाताऱ्याची तीन बटणं एकदम दाबून धरली आणि उजव्यानं शेंडीवाल्याची लाथ मारली. लाथ बसली नाही. परत मारली. नाही. डावा हात उचलला, लाथ बसली. मी दहा वेळा करून पाहिलं. त्या कीबोर्डला एका वेळी तीनच बटणं कळायची. मी तीन अडवून धरली की पलीकडच्यानं कितीही आपटलं तरी मशीनपर्यंत काही पोचायचंच नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. वापरलंही नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे वापरायची वेळच आली नव्हती.

दिवाळीच्या आधी साहेबांनी सांगितलं, शहराबाहेर आनेकलच्या कारखान्याला चार दिवस सुट्टी आहे, तेवढ्यात तिथं नवा प्रोग्रॅम बसवायचा. त्या कामाची माहिती मला आणि त्या निपाणीच्यालाच होती. एकानं राहा, एकानं घरी जा. तुमचं तुम्ही बघा.

त्याच आठवड्यात त्याच्या आईनं फोनवर निरोप दिला होता. पाडव्याला तुझं ताट मांडायचं का, असं अप्पांनी विचारलंय. दोन वर्षांत पहिल्यांदा. हे त्यानं मला एका दिवसात तीनदा सांगितलं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. माझं मात्र पुण्याला घरी काही अडलं नव्हतं. आईच्या हातची चकली, दुपारची झोप, आणि एका मुलाकडची मंडळी बघायला येणार होती, तो तर उलट टाळण्याचाच प्रकार. मी सरळ म्हणायला हवं होतं, तू जा बाबा. म्हणणारही होते. तेवढ्यात आमच्यातले वयानं मोठे होते ते म्हणाले की ही राहील, पुणं काय पळून जातंय, आणि मुलींना लग्नानंतर माहेरच्या दिवाळ्याच दिवाळ्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पद्धत आहे ना? मग पद्धतीनं होऊ दे.

त्यानं रागावायला हवं होतं. तो म्हणाला, "बरोबर हाय अक्काचं. मला उपकाराची सुट्टी नको. खेळूया की."

पहिली फेरी तो जिंकला. दुसरी मी, अगदी रीतसर. तिसऱ्या फेरीत मात्र त्यानं कमाल केली. तो माझ्याकडूनच शिकला होता, पुढं येईचना. मलाच पुढं जावं लागलं आणि मी मार खात गेले. पडद्याच्या वरच्या पट्टीत म्हाताऱ्याचा जीव नखाएवढा उरला. मागं उभे असलेले ते वयस्कर गृहस्थ हसले. मी तीन बटणं दाबून धरली.

शेंडीवाला उभाच राहिला. शेजारी त्याची बोटं कीबोर्डवर आपटत होती, मला बाकावर त्याचे हादरे जाणवत होते. त्याची लय तुटली, तशी मी बटणं सोडली, ठोसा मारला, पुन्हा धरली. असं चार वेळा, आणि शेंडीवाला आडवा झाला. त्या वेळी मला काय वाटत होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. काहीच नाही. नियमात बसतंय, एवढंच डोक्यात होतं. खलनायकाला आपण खलनायक आहोत असं वाटतच नसणार, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी तर जिंकायचं बघत होते.

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. बोटं उघडली, मिटली. मग हसला आणि म्हणाला, हात गारठला वाटतं. दोन दिवस येता-जाता तो त्या हाताला शिव्या देत होता, आणि मी ऐकत होते. बसमध्ये बसेपर्यंत सांगायला चिक्कार वेळ होता. झक मारली आणि गेले.

पुण्यात चकलीचा डबा मी उघडलाही नाही. बघायला आलेल्या मंडळींशी मी इतकी गप्प होते की त्यांना मी पसंत पडले. पाडव्याला ताटं मांडली तेव्हा मला लाज वाटली, ती अगदी सपशेल, तोंड लपवावंसं वाटण्याइतकी. आईला मी बरं नाही म्हणून सांगितलं.

परत आले तेव्हा तो टेबलावर होता. आनेकलचं काम नीट झालं होतं. मी चिवड्याचा डबा पुढं केला. त्यानं मूठभर घेतला आणि आपणहून सांगायला लागला. पाडव्याच्या सकाळी त्यानं तिथल्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला, तर अप्पांनीच उचलला. का आला नाहीस, एवढंच विचारलं.

"मग?" मी म्हटलं.

"काम हाय म्हणून सांगता आलं असतं, अक्का. पण दोन वर्षांनी पहिलंच बोलणं, त्यात खोटं कशाला? खेळ लावला होता, त्यात हरलो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, घरचं ताट तू खेळावर लावलंस? आणि फोन ठेवला."

त्यानं चिवडा खाल्ला, हात झटकले. खरं ते बोललो, त्यामुळे मनाला टोचणी नाही, असंही म्हणाला.

मी गेम लावला. त्याला म्हटलं, ये, बस. माझी तीन बटणं दाबून धरली आणि म्हटलं, मार लाथ. त्यानं मारली. पुन्हा मारली. मी हात उचलला आणि म्हटलं, आता मार. शेंडीवाल्यानं लाथ मारली, म्हातारा पडला. मी परत तिन्ही बटणं धरली. त्यानं एकदाच दाबून पाहिलं, आणि मग त्याचा हात तिथंच राहिला.

"तू हरला नव्हतास," मी म्हटलं. "मला माहीत होतं हे. आधीपासून."

मला वाटलं, आता हा मला बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं, मला भांडण कसं करायचं ते येतं. तो पडद्याकडेच बघत होता. तसाच म्हणाला, "म्हणजे अप्पांना मी खोटंच सांगितलं की."

मी त्याच्या घरचा नंबर मागितला. मी बोलते त्यांच्याशी, म्हटलं. त्यानं दिला नाही.