अभ्र्यातले लुगडे

स्पिरिटच्या थंड, कोरड्या वासाखालून वाळ्याचा वास आला, तेव्हा मी ऑपरेशनच्या टेबलावर पाठ वाकवून बसले होते आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या मणक्यातली जागा बोटाने चाचपत होत्या. वाळा म्हणजे आत्याची लुगड्यांची ट्रंक. तो इथे कुठून आला, याचा मी विचार केला नाही. घरचे कुणीतरी आत आले आहे, एवढेच वाटले, आणि सुई शिरताना मी हलले नाही.

आई गेल्यावर आत्यानेच मला वाढवले होते. बाळंतपणासाठी मी तंजावुरात, राजवाड्याजवळच्या तिच्या घरी आले होते; नवरा पापनाशमला शाळेत शिकवत होता. आधीचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यातच गळून गेले होते. हे तिसरे टिकले होते, पण आडवे होते आणि वाढीने दुबळे.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समजावले होते. त्या तमिळच बोलत, पण इतक्या सावकाश की शब्दांना जणू हात धरून आणत. ‘‘पाठीत भूल दिली की पायांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडेच साचतं. त्यात तू सपाट उताणी झालीस, तर पोटातल्या मोठ्या शिरेवर बाळाचा भार येतो. मग तुझा रक्तदाब घसरतो आणि बाळाचं रक्त कमी होतं. म्हणून सलाइन आधीपासून चालू, औषध सिरिंजमध्ये तयार, आणि उजव्या कुशीखाली उंचवटा. तू डावीकडे कललेलीच राहायला हवीस.’’ त्यासाठीची फोमची उशी आधीच्या ऑपरेशनमध्ये भिजून गच्चीवर वाळत होती. नर्सिंग होम नवे होते. बाहेरच्या खोलीत रंगीत टीव्ही आला होता, दुसरी उशी यायची होती. ‘‘पाट्टी, घरची जाड सुती चादर घट्ट घडी करून अभ्र्यात घालून द्या.’’

‘‘सुती?’’ आत्या मराठीत माझ्याकडे वळली. ‘‘शंभर हात लागलेली? त्यावर माझं नातवंड जन्मणार?’’

‘‘आत्या, त्या सांगतात तसं कर ना.’’

‘‘तू गप्प पड. ह्या बाईला काय कळतं सोवळं? पाट्टी म्हणे, आजी! केस तर तिचेही पिकलेत.’’

मला हसू आले होते. हसताना पोट दुखले होते.

आता मला निजवले. नर्सने अभ्रा कुशीखाली सरकवला, डॉक्टरीणबाईंनी वरून दाबून त्याची उंची पाहिली आणि मान हलवली. पायांतून ऊब चढत गेली, आणि जिथे ऊब पोहोचे तिथून मी नाहीशी होत गेले. डोक्यावरच्या दिव्याच्या काचेत हिरव्या कापडाचा ढीग तिरपा दिसत होता. तो ढीग म्हणजे मी.

‘‘बोलत राहा,’’ त्या दंडावरचा पट्टा फुगवत म्हणाल्या. ‘‘गप्प झालीस तर तुझं रक्त कुठे पळालं ते मी कुणाला विचारू? कविता करतेस म्हणे. म्हण एखादी. पण रडकी नको हं.’’

कविता आठवेना. मी पापनाशमच्या बसचा रस्ता सांगू लागले. भाताची खाचरे, कालव्याच्या काठची म्हातारी कणसे विकते ती, पशुपतीकोविल, मग अय्यमपेट्टै...

त्या नावावर जीभ अडली. काचेतला ढीग सरळ होत होता, सावकाश, कुणी दाराची चौकट नीट बसवावी तसा. मला जांभई आली. मग दुसरी. जिभेखाली पितळेची चव आली, पट्ट्यातून सुटणाऱ्या हवेची सीऽऽ दूर, शेताच्या पलीकडे गेली. ती सपाट झाली आहे, असे मी माझ्याबद्दलच सांगू पाहत होते, पण ओठ दुसऱ्या कुणाचे होते.

‘‘दाब सापडत नाहीये!’’ औषध शिरेत गेले. त्यांनी दोन्ही तळव्यांनी माझे पोट डावीकडे ढकलून धरले. ‘‘उशी बघ!’’ नर्सने अभ्रा ओढून काढला. तो नुसती चपटी पिशवी झाला होता. त्याच्या तोंडातून जांभळे रेशीम घरंगळत जमिनीवर उतरले, जरीच्या काठासकट, संपेचना. आत्याचे सोवळ्याचे नऊवार. रेशमाच्या घड्या एकमेकींवरून सरकत सरकत माझ्या भाराखाली सपाट झाल्या होत्या. वाळ्याचा वास खोलीभर पसरला.

बाळ मुलगी होती. ती रडली नाही. कोपऱ्यात पाठमोरे लोक तिच्यावर वाकले होते. मी त्यांच्या पाठींना काय काय कबूल केले, कोणकोणती वर्षे देऊ केली. मग एकेक पाठ सरळ झाली.

‘‘ती आधीच दुबळी होती,’’ डॉक्टरीणबाई मला नंतर म्हणाल्या. ‘‘एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही.’’ त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. बाहेर बसलेल्या आत्याला त्यांनी लुगड्याबद्दल काहीच सांगितले नव्हते. ते त्यांनी माझ्यावर सोडले होते.

वॉर्डात मी थंडीने थरथर कापत होते. नर्सने घडी करून परत दिलेले लुगडे आत्याच्या मांडीवर होते, आणि बाळ गेले, माझा रक्तदाब बुडाला होता, एवढेच तिच्या कानावर आले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती तमिळमध्ये सांगत होती, ‘‘पोर जायचीच होती हो, माझी मुलगी पण गेली असती. अंगाखाली सोवळ्याचं रेशीम होतं म्हणून परत आली.’’ त्या बाईने हात लांबवून काठाला बोट लावले आणि ते डोळ्यांशी नेले.

मी तोंड उघडले. आत्याने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तिचे ओठ पांढरे पडले होते. दोन वाक्ये पुरली असती. ती दोन वाक्ये तेव्हापासून माझ्या घशात आहेत. पुढे आत्या वारली, तेव्हा तिच्यावर तेच लुगडे घातले, आणि तेव्हाही ती वाक्ये तिथेच होती.

त्या दिवशी वॉर्डात आत्या उठली. लुगडे झटकून तिने माझ्यावर पसरले, गळ्यापर्यंत ओढले, काठ खांद्याखाली खोचला. रेशीम थंडगार होते आणि लगेच सरकू लागले. तिने ते पुन्हा वर ओढले, माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, ‘‘वाचवलं.’’